वायरीचं दुसरं टोक

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत ज्या ज्या घरात इंटरनेट पोचलं, ते माझ्या या दोन हातांनी पोचलं! म्हणजे, हात शिडीला होते. शिडीवर तानाजी असायचा. पण मी शिडी सोडली असती तर पोचलं असतं का, सांगा!

या धंद्यात किस्से उरलेल्या वायरीसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात.

साखळी गावातल्या दुकानात आम्ही चौघं. शेट, म्हणजे मालक. गडहिंग्लजचा तानाजी, वर चढणारा. मी, शिक्षण सातवी, तीही गुरुजींनी कंटाळून वर ढकललेली. आणि रेवती, नवी इंजिनियर. आई एकटी म्हणून पुण्याची नोकरी सोडून घरी आलेली, सहा महिने ट्रायलवर. शेटने पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "तुये गावची फॅक्टरी आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ती गेली की तूही गेलीस!"

मी लगेच विचारलं, "बाय, शिडी धरता येते?"

"शिकवा की, काका."

अशा माणसाची मस्करी करायला मजा येत नाही हो!

*

मग तानाजीची केली. फायबरच्या वायरीत करंट नसतो, केसाएवढ्या काचेतून उजेड पळतो. मी थाप मारली, "तान्या, तुटक्या टोकात बघू नको. उजेड डोळ्यात शिरला की डोळा गेला!" तेव्हापासून हा गडी तुटकी वायर दिसली की टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा. मी पोट धरून हसायचो.

एक दिवस रेवतीने ते पाहिलं. "बरोबर करतोय तो. आत लेझर असतो, त्यात कधी बघू नये. कोणी शिकवलं?"

"आमच्या काकांनी की!"

आणि मी स्वतः दोन वर्षं एक डोळा मिटून त्यातच बघत आलेलो!

*

मयेच्या एका मावशीची तक्रार आली, वायफाय खोलीबाहेर येत नाही. जाऊन बघतो तर राउटर लोखंडी कपाटात! दाराच्या फटीतून वायर आत, वर कुलूप.

"मावशी, लोखंडातून सिग्नल कसा येणार?"

"येऊच नये! शेजारी फुकट ओढतत."

"पण पासवर्ड आहे ना?"

"पासवर्ड नातवान शेजारच्या पोरीक दिलो. चावी मात्र माझ्या कमराक आसा!"

*

चवथीच्या आदल्या दिवशी कोरगावात एका घरचं नेट गेलं. आम्ही पोचलो तेव्हा गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट, माटोळी, सजलेली. नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं. आणि मधलं मोठं तोरिंजन, म्हणजे पपनस, आमच्या फायबरला लटकलेलं! घट्ट सुरगाठ. काच एवढी वाकली की उजेड पुढे जाईल कशाला?

घरचे आजोबा म्हणाले, "केवणीच्या सालीचे दोर कमी पडले. तुमची वायर जनेलाच्या गजांना गुंडाळून रिकामीच होती."

"आजोबा, सोडायला हवी."

"बांधलेली माटोळी सोडतात? पाच दिवस थांबा."

"पाच दिवस नेट नाही चालणार!"

"नाही तर नाही. देव मोबाइल घेऊन येत नाही!"

*

आता तुयेचं. फॅक्टरीने ताकीद दिलेली, पुन्हा लाइन बंद पडली तर दुसरी कंपनी बघू. त्या सकाळी आम्ही तिथे एक नवा कॉम्प्युटर जोडला. काम झालं, रेवती सही घ्यायला गेली, तानाजी गाडी काढायला. मी एकटा. बघतो तर स्विचजवळ एक पिवळी वायर लोंबकळतेय. स्विच म्हणजे भोकाभोकांचा डबा, एका कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्याला देणारा. रेवती सारखी ओरडायची, "काका, टोकं लोंबकळत ठेवू नका." एक भोक रिकामं होतं. बसवली. टिक्! स्वतःवरच खूश झालो.

पेडण्याच्या बाजारात पोचतो तोच फोन. सगळी फॅक्टरी बंद! गेटवर ट्रक अडकलेले, मॅनेजर लालबुंद. मी वाटेतच गुन्हेगार ठरवून टाकला होता. "तानाजीने शिडी आपटली असणार!"

"काका, शिडी तर तुम्ही धरलेली," तानाजी म्हणाला.

"मग उंदीर!"

फॅक्टरीत पोचताच रेवती थेट स्विचकडे गेली. स्विचचे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकत होते. ती एकेक वायर बोटांनी चाचपत गेली. पिवळ्या वायरीचं एक टोक डब्यात, आणि दुसरंही त्याच डब्यात! बाहेर गेलेला निरोप परत आत, आतला परत बाहेर. गावात अफवा फिरून सांगणाऱ्याच्याच कानात येते, तसं. तिने एक टोक उपटलं. दिवे शांत.

"कोणी केलं हे?" मॅनेजर.

माझे कान तापले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझ्याकडून झालं, सर."

तासाच्या आत सुरू झालं म्हणून फॅक्टरी राहिली. शेटने मात्र फोनवर तिची ट्रायल आणखी तीन महिने वाढवली.

परतताना शिडी मी एकट्यानेच गाडीवर चढवली. तानाजीला वाटलं, मला बरं नाही. शेवटी गाडीत मी विचारलं, "बाय, माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर शेटने तुम्हाला काढलं असतं. शिडी धरायला दुसरा माणूस मिळेल, काका. पण तुम्हाला घरी बसवलं आणि काकीने तुमच्या हातात घरातल्या करंटवाल्या वायरी दिल्या, तर?"