माइक बंद झाल्यावर

लॉकडाउन संपून मेडिकल कॉलेज पुन्हा सुरू झालं, तेव्हा मेडिसिनच्या सरांनी वर्गातच विचारलं, "ऑनलाइन बरं होतं की हे बरं? खरं सांगा." सगळा वर्ग ओरडला, "हेच बरं!" मी मात्र हात वर केला. "मला ऑनलाइन बरं वाटायचं, सर."

शेजारच्या मैत्रिणीने चिमटाच काढला. "येड लागलं का गं तुला? परत घरी बसवतील." तिचा राग साहजिक होता. तिचं घर अंतरवाली सराटीकडं, शेतात. रेंज धड नाही, फोन एकच, त्यावर भावाचीही शाळा. लेक्चर चालू असलं तरी घरचे तिला भाकरी टाकायला उठवायचे. घरात बसलेली मुलगी कॉलेजात असते, हे कुणाला पटतच नसे.

माझं वेगळं होतं. कुंभार पिंपळगावात मी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. वर्गात एक इंग्रजी वाक्य कळेपर्यंत सर पुढं गेलेले असायचे. घरी रेकॉर्डिंग थांबवता यायचं. अडलेला शब्द पुन्हा पुन्हा ऐकला तरी कुणी हसायचं नाही. हे मी सांगितलं, तेव्हा मागच्या बाकांवरूनही "हो सर" असे आवाज आले.

"बरं," सर म्हणाले. "वर्ग इथंच घेऊ, पण रेकॉर्डही करू."

पुढच्या आठवड्यात सरांच्या कॉलरला माइक लागला आणि सर बदललेच. एरवी ते बाकांमधून फिरायचे, मधेच मराठीत शिरायचे, वॉर्डातल्या पेशंटच्या गोष्टी सांगायचे. आता फळ्यापाशी उभं राहून नुसत्या स्लाइड वाचू लागले. मुलं पेंगायला लागली.

"तुझ्यामुळं सर बिघडले," मैत्रीण म्हणाली. मला ते फार लागलं. शेवटी आम्ही दोघी त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, रेकॉर्डिंग राहू द्या. तुम्ही पहिल्यासारखं शिकवा," मी म्हटलं.

सर ओशाळून हसले. "मीही परतूरच्या मराठी शाळेतलाच. रेकॉर्ड होतंय म्हटलं की जीभ अडते बघा. आणि पेशंटची दुखणी अशी कायमची साठवून ठेवायला मन होत नाही."

मैत्रीण जरा विचार करून म्हणाली, "मंग धडा रेकॉर्ड करा सर, अन् गोष्टी माइक बंद करून सांगा."

तसंच ठरलं. धडा झाला की सर माइक काढून खिशात टाकायचे आणि बाकांमध्ये यायचे. एकदा त्यांनी अंबडकडच्या एका बाईंबद्दल सांगितलं. सर तेव्हा नवीन होते. बाई म्हणत होत्या, "जीव घाबरा होतो." सरांना वाटलं, काळजीनं होत असेल. धीर देऊन त्यांनी बाईंना घरी पाठवलं. काही दिवसांनी त्या परत आल्या त्या स्ट्रेचरवर. हृदयाचं दुखणं होतं.

"वाचल्या त्या," सर म्हणाले, "पण मला वर बघवत नव्हतं." ते आमच्याकडे वळले. मग म्हणाले, "काय विचारायला हवं होतं मी?"

वर्गात एरवी कधी उत्तर न देणारी माझी मैत्रीण उठली. "आडवं झाल्यावर जास्त होतं का, उठून बसावं लागतं का, हे विचारायचं होतं, सर. हृदयाचं असलं की आडवं पडवत नाही."

"बराबर," सर म्हणाले. "मी न्हाई विचारलं."