बावीस मेंढ्या आणि मुदतपूर्व फेड

नवरा गेला त्या वर्षातलं मला फारसं आठवत नाही, असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही. सगळं आठवतं, फक्त त्यातलं काही तेव्हा आतपर्यंत पोचलं नव्हतं. वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला सायकलवरून जाताना ट्रकनं त्याला उडवलं. निरोप आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. ऐकून घेतलं, उरलेली ज्वारी निवडली, डब्यात भरली, झाकण लावलं आणि मग उठले. गल्लीतल्या बायकांना पुढं महिनाभर बोलायला विषय मिळाला.

आमचं घर छावणीच्या पलीकडं, दोन खोल्यांचं. माझं सासर सोयगाव तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. घराण्यात काठी टाकून पाना हातात धरणारा नवराच पहिला. त्या काळात शहराभोवती कारखान्यामागून कारखाना उभा राहत होता, आणि पगाराची चिठ्ठी दाखवली की घरासाठी कर्ज मिळत होतं. औरंगपुऱ्यातल्या एका सहकारी संस्थेकडून आम्ही बारा वर्षांच्या मुदतीनं कर्ज काढलं. घराचे मूळ कागद संस्थेच्या कपाटात गेले. चार वर्षं हप्ता पगारातून कापला गेला. एकही चुकला नाही, हे नवरा पाहुण्यांना चहाआधी सांगायचा.

दहावा गावाकडं नदीवर झाला. पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. जो तो पुढं होऊन काहीबाही कबूल करत होता. बायकोला अंतर देणार नाही, आईला सांभाळू. कावळा हलेना. ऊन चढलं. मग सासरे पुढं आले. त्यांना मी मामा म्हणायची. ते हात जोडून म्हणाले, "तुझ्या घराचं कर्ज मी फेडतो बाबा. तेराव्याच्या आत फेडतो. डोक्यावर काय घेऊन जाऊ नको." थोड्या वेळानं कावळा उतरला. मला विचाराल तर त्यालाही भूक लागली असेल. पण मामांच्या लेखी लेकानं ऐकलं होतं आणि आता मागं फिरणं नव्हतं.

सुतक होतं, मी घराबाहेर पडणं शक्य नव्हतं. कंपनीनं तातडीची म्हणून दिलेली रक्कम आणि कामगारांनी जमवलेली वर्गणी मी मामांच्या हातात दिली. ते एकटेच एस.टी.नं दोनदा शहराला जाऊन आले. पहिल्या खेपेला संस्थेतून आकडा आणला. तो आमच्याजवळच्या पैशांपेक्षा मोठा निघाला. दुसऱ्या खेपेला बाराव्या दिवशी सगळे पैसे भरून घराचे कागद घेऊन आले. तेराव्याला ते कागद त्यांनी लेकाच्या फोटोपुढं ठेवले आणि किती तरी वेळ तिथंच बसून राहिले. वाडग्याच्या कुंपणात मेंढ्या कमी दिसत होत्या. मी विचारलं नाही. पुढं सासूबाईंनी सांगितलं, कमी पडलेल्या रकमेसाठी बावीस मेंढ्या गेल्या. निम्म्याहून जास्त.

शहरात परत आले आणि छावणीतल्या एका शिंप्याकडं काज-बटणाचं काम धरलं. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. लोक म्हणत, बाई धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. सुई बोटात घुसली तरी रक्त दिसल्यावर कळायचं, अशी अवस्था होती.

घरपट्टीवर माझं नाव लावायचं म्हणून चार-पाच महिन्यांनी मी कागद शेजारच्या भाऊंना दाखवले. भाऊ एका शाळेत शिपाई होते. विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघायचे तेव्हा आमच्या भागातल्या निवेदनांवर त्यांचंच अक्षर असायचं. लाठ्या खाल्लेल्या होत्या, पण अक्षर मोत्याचं. त्यांच्याकडं मी चहा पिते म्हणून माझ्या माहेरचे दोघंतिघं रुसले होते. मला तेव्हा राग येतच नव्हता, त्यामुळं भांडण झालं नाही. मी चहा पीत राहिले.

भाऊंनी पावती दोनदा वाचली. राहिलेल्या कर्जाखाली आणखी एक ओळ होती: मुदतपूर्व फेडीचा आकार. म्हणजे कर्ज वेळेआधी फेडलं म्हणून वरून दंड. मग त्यांनी हप्त्यांचं पुस्तक उलटं केलं. मागच्या पानावर बारीक अक्षरात नियम छापले होते. कर्जदार स्वतःहून मुदतीआधी कर्ज फेडील तर हा आकार घ्यावा, कर्जदार मयत झाल्यास वारसांकडून घेऊ नये. हा आकार आणि कमी पडलेली रक्कम जवळजवळ सारखीच होती. भाऊ म्हणाले, "वहिनी, ह्या तुमच्या मेंढ्या."

तेवढं मात्र आत पोचलं. दुःख पोचत नव्हतं, पण मेंढ्या पोचल्या. मामांच्या बावीस मेंढ्या त्यांना परत आणून द्यायच्या. दुसरं काही नको होतं मला, आणि खरं सांगायचं तर सकाळी उठायला काहीतरी कारण हवंच होतं.

संस्थेच्या व्यवस्थापकांनी बसा म्हटलं नाही, मीच बसले. ते म्हणाले, पैसे भरताना कुणी बोललं नाही, आता हिशेब बंद झाला. मी नियम दाखवला. त्यांनी शांतपणे वही मागवली आणि माझ्यासमोर उघडली. शेऱ्याच्या रकान्यात कारकुनानं लिहिलं होतं: कर्जदार बाहेरगावी असल्याने वडील हजर, कर्जदाराच्या इच्छेने खाते बंद. खाली मामांचा अंगठा.

व्यवस्थापक म्हणाले, तुमच्या सासऱ्यांनीच असं सांगितलं, आमचा काय दोष. मी त्या अंगठ्याकडं बघत राहिले. मामा खोटं बोलणारे नव्हते. पण लेक देणेकरी असताना मेला, हे परक्या कचेरीत, टेबलापलीकडच्या माणसाला ते कधीच सांगणार नव्हते. लेकाची लाज राखायची म्हणून ते बाहेरगावी म्हणाले. त्या एका शब्दाची किंमत बावीस मेंढ्या झाली होती.

मी म्हणाले, "साहेब, पावतीची तारीख बघा. त्याच्या अकरा दिवस आधी माझा नवरा मेला. मेलेल्या माणसाची इच्छा तुम्ही कुठं विचारायला गेला होता?"

नवरा मेला, हे मी तोंडानं पहिल्यांदाच म्हणाले. आतापर्यंत गेला, वारला, असंच चाललं होतं. वाटलं होतं, म्हटल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. कारकुनानं पंखा एक घर वाढवला. व्यवस्थापक म्हणाले, लेखी द्या.

मग लेखी देणं सुरू झालं. भाऊंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही. मोर्च्यांनी त्यांना एवढं शिकवलं होतं की तोंडी आश्वासन हवेत जातं. मी पोच घेत गेले. अर्ज, मृत्यूचा दाखला, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. कधी साहेब रजेवर, कधी संचालकांची सभा व्हायची होती. कधी नामांतरावरून शहर बंद, बाजारपेठेची शटरं खाली आणि चौकात पोलीस. अशा दिवशी मी पायी अर्ध्या वाटेतून परत फिरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. कारकून मला बघितलं की शिक्क्याची डबी आपणहून पुढं करायला लागला. आमची तेवढी दोस्ती झाली.

शेवटी भाऊ मला सहकार खात्याच्या कचेरीत घेऊन गेले आणि सगळ्या पोचांसह तक्रार दाखल केली. तिथून संस्थेला विचारणा गेली. वर्षश्राद्धाला थोडे दिवस असताना बोलावणं आलं आणि आकाराची पूर्ण रक्कम माझ्या नावच्या चेकनं मिळाली. व्यवस्थापकांनी त्या दिवशी बसा म्हटलं. भाऊंनी गल्लीत पेढे वाटले, माझ्या पैशांतले नाहीत, स्वतःच्या. मी एक खाल्ला.

पैसे काढून मी सोयगावची एस.टी. धरली. मामा वाडग्याशी बसून कुंपणाच्या काट्या सारख्या करत होते. मी पैसे त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. नियम, वही, अर्ज, सहकार खातं. मला वाटलं होतं, ऐकून ते हसतील. वर्षभर मी ह्या एका हसण्यासाठी जिने चढले होते.

मामांनी काटी खाली ठेवली. विचारलं, "म्हंजी ह्ये पैसं त्याच्या डोक्यावर नव्हतंच?"

मी म्हणाले, कर्ज होतं मामा, ते कंपनीच्या आणि वर्गणीच्या पैशांत फिटलं. हे मात्र संस्थेनं उगाच घेतलं होतं.

उगाच हा शब्द माझ्याच तोंडून गेला. मामा उरलेल्या मेंढ्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तू लई केलंस पोरी. पर मंग माझ्या हातून त्याला काय गेलं?"

संस्थेच्या प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर दिलं होतं, कागदासकट. बाप म्हणून लेकासाठी केलेली शेवटची गोष्ट त्यांनी वर्षभर उराशी धरली होती, आणि ती कधी लागतच नव्हती, हे मी कष्टानं सिद्ध करून आणलं होतं. मेंढ्या परत हव्यात का, हे एकदा तरी विचारायला हवं होतं मी. अर्ज लिहिण्याआधी ह्या माणसाला विचारायला हवं होतं.

रात्री मी तिथंच राहिले. सकाळी मी निघाले तेव्हा मामांनी पैसे फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवले. म्हणाले, "ह्ये तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. माझ्या मेंढ्या मी लेकासाठी इकल्यात. त्या परत आणायच्या नाय."

मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथं असतानाच माझा नवरा मेल्याचं मला कळलं. मी त्यांच्या धोतराला धरून मोठ्यानं रडायला लागले. मामांनी एस.टी. जाऊ दिली.