बद्रीनाथची टेकची वही

बद्रीनाथ चितेगावच्या एका कारखान्यात बावीस वर्षांपासून लेथ चालवतो. राहतो गारखेड्यात, माझ्या मागच्या गल्लीत. माणूस सरळ आहे, पण कुणी डिवचलं तर वर्षानुवर्षं विसरत नाही.

गेल्या जूनच्या पहिल्याच रविवारी तो माझ्याकडं इंग्रजी शिकायला आला. त्यांच्याकडं इंद्रजीत नावाचे नवे साहेब आले होते. साहेब मराठीच, पण कामगारांशी मुद्दाम इंग्रजीत बोलायचे. बद्रीनाथला सांगितलेलं समजत नाही, त्याला लेथवरून काढून पॅकिंगला टाका, असं त्यांनी वर कळवलं होतं.

"त्याच्या दर हुकमात टेक असतं, सर. टेक म्हंजे घेणं ना?"

"घेणं. पण फोटो काढणं, बस पकडणं, वेळ लागणं, डुलकी काढणं, या सगळ्यालाही टेकच."

"म्हंजे नुसतं घ्यायचंच! लई बेस."

शाळेत इंग्रजी शिकवायचो तेव्हा माझा एक नियम होता. राम आंबा खातो, असलं वाक्य चालायचं नाही. वाक्य स्वतःचं, खरं आणि तारीख घातलेलं पाहिजे. तोच नियम मी त्याला लावला. दर रविवारी वही तपासून मी लाल शाईनं तारखेसह सही करायचो.

बद्रीनाथची खरी वाक्यं एकाच माणसाबद्दल होती. तीन जून: ही टुक माय स्टूल. नऊ जून: ही टुक अ फोटो ऑफ माय टिफिन. त्यानंतर पानोपानी: जॉब कार्डावर सही करायला ही टुक फोर्टी मिनिट्स, आणि मला लेट लिहिलं. कामाच्या या चिठ्ठीवर साहेबांची सही झाल्याशिवाय मशीन चालू करता येत नसे. बद्रीनाथनं स्वतः बनवलेल्या पकडीचं कौतुक झालं, तेव्हा: ही टुक द क्रेडिट. व्याकरण सुधारत गेलं, तसा रागही धारदार होत गेला.

ऑगस्टमध्ये चौकशी लागली. तेरा दिवस मशीनवर उशिरा आला, असा साहेबांचा आरोप होता. आदल्या संध्याकाळी बद्रीनाथ वही घेऊन आला. तेराही तारखा तिच्यात होत्या. पण एकवीस जुलैला त्यानं लिहिलं होतं: आय टुक अ नॅप ऑन ड्युटी. पुढं माझी बरोबरची खूण.

मी म्हणालो, "बद्रीनाथ, हे एवढं पान काढून टाक."

"काऊन? खोटं हाय का?"

"खोटं नाही. पण तुझ्यावरच उलटेल."

"उलटू द्या. पान फाडलं तर त्याच्यात अन् माझ्यात फरक काय?"

चौकशीत इंद्रजीत साहेब हसले म्हणे. "ही वही काल रात्री बसून लिहिलीय."

"सरांची सही बघा. दर रईवारची हाय."

चौकशी अधिकाऱ्यांनी माझ्या सह्यांच्या तारखा आणि कंपनीच्या जॉब कार्डांवरच्या सहीच्या वेळा ताडून पाहिल्या. तेराही वेळा उशीर साहेबांच्या सहीचा निघाला. मग साहेबांनी वही ओढून घेतली आणि पानं उलटत एकवीस जुलैवर बोट ठेवलं.

"आणि हे? हे कुणी केलं?"

"मीच. आय लिवलंय की."

लेथ त्याच्याकडंच राहिली. डुलकीबद्दल आठ दिवस निलंबन झालं. साहेबांना समज दिली म्हणतात. पण ते त्याच खुर्चीवर आहेत आणि स्टूल अजून परत आलेलं नाही.

त्या आठ दिवसांतल्या रविवारी तो नेहमीच्या वेळेला आला. वहीत एकच वाक्य होतं: दे टुक एट डेज. मी खूण केली, सही केली. मनाला लागलं होतं, म्हणून म्हणालो, "ती डुलकीची खूण मी करायला नको होती."

"वाक्य बरोबर होतं ना, सर?"

"होतं."

"मंग झालं." त्यानं वही मिटून पिशवीत घातली. "सोमवारी कामावर जातो. वही निम्मी कोरी हाय अजून. त्यो बी हाय, मी बी हाय."