कडवं बनाबाईचं, नाव कोंडीरामाचं

कोंडीराम ओव्हाळ भित्रा माणूस. हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलोय, माघारी नव्हे. माइकपुढं वाघ, माइक सुटला की फौजदाराची टोपी बघूनसुद्धा घाम फुटायचा.

पंच्याऐंशीच्या दुष्काळात त्यानं सोलापुरात स्वतःच्या गाण्यांची कॅसेट भरली. एक पाळणा, एक कव्वाली, एक कानडी चालीवरचं, एक खडी फोडणाऱ्यांचं. शिकलेले हसले, "ही काय गोधडी?" पण ती गोधडी नळदुर्गच्या ढाब्यांवर वाजली, बँडवाल्यांनी उचलली, रोजगार हमीवरच्या बायांनी घोळवली. जो तो आपली चाल लावी, पदरचं कडवं जोडी. रीत मात्र कुणी मोडली नाही: शेवटच्या ओळीत मूळ कवीचं नाव.

तिथंच तो अडकला.

"गावाच्या नावाचा टँकर, प्याला आबारावाचा ऊस, कोंडीराम सांगे."

आबाराव आमच्या ईट गावच्या सोसायटीचा चेअरमन. आणि हे कडवं रचलं बनाबाईनं, खडी फोडता फोडता. एकटी बाई, झोपडी आबारावाच्या बांधाला लागून. मी ते तिच्याच तोंडून ऐकलेलं. तिच्याखेरीज हे दोघांनाच ठाऊक, कोंडीरामाला अन् मला.

भर दुपारी कोंडीरामाच्या दारात जीप थांबली. चेअरमनचा माणूस बब्रुवान उतरला.

"काय शाहीर, लई गाजताय! चला सोसायटीच्या सभेला. माइकवर सांगा, ते गाणं माझं न्हाय. सुटलात."

"आण्णा, खरंच न्हाय हो माझं!" कोंडीरामाला रडूच फुटायचं बाकी होतं.

"मग कुणाचं? तेवढं नाव सांगा."

माझं डोकं फिरलं, मी पुढं झालो. "ए, नाव विचारणारा तू कोण रे?"

"पुढारी, गप बसा. तुमाला कोण विचारतंय?"

कोंडीरामानं माझं मनगट धरलं.

"माझंच हाय," तो म्हणाला.

"आँ?"

"माझंच. शेवटी नाव ऐकलं न्हाय व्हय?"

बब्रुवान हसला. "बरं. मग सभेत म्हणूनच दाखवा. चेअरमनसाहेबांच्या म्होरं. बसा."

मी त्याला हात देऊन चढवला अन् शेजारी बसलो. जीप खडखडत निघाली. कोंडीराम माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

"बनीनं कुठली चाल लावलीय रं? म्या ते एकदाबी म्हटलं न्हाय."

इंजिनाच्या आवाजाआड मी गुणगुणायला लागलो. माझा आवाज बेसूर. तरी तो डोळे मिटून, ओळ ओळ पाठ करत होता.