फोडणीशिवायची आमटी

दिवेलागणीला फणसवाडीतल्या आमच्या चाळीत फोडण्यांचे वास फिरू लागत. कुणाकडे लसूण, कुणाकडे कढीपत्ता, आणि गॅलरीतून नुसतं चालत गेलं तरी कुणाच्या चुलीवर काय आहे ते कळे. त्या माघात मात्र आमच्या दारापाशी येऊन तो दरवळ तुटायचा.

माझा धाकटा भाऊ वसंता मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून निघालेल्या मोर्चात गेला आणि गोळी लागून गेला. सुतकात फोडणी द्यायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तेवढे दिवस आम्ही नुसतं शिजवलेलं वरण गिळलं. मग आत्याने गोडाचं जेवण करून सुतक संपवलं, आणि दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा बिनफोडणीचीच आमटी केली. त्यानंतरही रोज तीच. बाबांनी एकदा हिंगाचं नाव काढून पाहिलं, तर ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. पुन्हा कुणी विषय काढला नाही.

मला रडू येत नव्हतं. ऑफिसात टाइपरायटरची रिबन अडकली की चीड येई, ट्रामच्या खिडकीतून कोवळं ऊन हातावर आलं की बरंही वाटे. पण ती चीड आणि ते बरं वाटणं दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं मी लांबून पाहत असे. माझं म्हणावं असं एकच होतं, जिभेला हिंग-मोहरी हवी होती. मेलं हे पोट! पाठचा भाऊ जातो आणि याला आमटी हवी. त्याहून मोठी भीती आईची होती. ही आता कधी रागावणारच नाही, शेजारणीच्या पापडांना नावं ठेवणार नाही, अशीच भिंतीसारखी राहील, असं वाटे.

फाल्गुन लागला. एका संध्याकाळी आई बाहेर वाती वळत बसली होती, तेव्हा मी स्टोव्ह पेटवून त्यावर लोखंडी पळी धरली. तेलाचा अंदाज मला कधीच नव्हता. मोहरी तडतडली आणि बघता बघता काळीठिक्कर पडली. करपट धुराने घर भरलं. आई आत आली. मला वाटलं, आता ही कोसळणार.

“करपवलीस ना?” ती म्हणाली. “हो बाजूला.”

तिने पळी घासून पुसली, नवं तेल घातलं, मोहरी फुटेपर्यंत थांबली, मग हिंग. चर्र झालं आणि तो वास गॅलरीत गेला. समोरच्या काकू दारात आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या.

आम्ही जेवायला बसलो. आमटी अगदी पहिल्यासारखी झाली होती. आईने एक घास घेतला आणि तिचा हात थांबला.

“चांगली झालीय गं,” ती म्हणाली, चूक कबूल करावी तसं, आणि ताटावरच रडू लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बाबांनी मान खाली घातली. मला अजूनही रडू येत नव्हतं. भूक मात्र लागली होती. मी पातेलं जवळ ओढलं आणि आणखी आमटी वाढून घेतली.