पाहुणे येईपर्यंत तोडू नका

नवागाम या लूम-कामगारांच्या वस्तीतल्या बायकांना भाजीपाला लावायला शिकवायचं काम मला मिळालं, तेव्हा मी स्वतः साधी कोथिंबीरही कधी लावली नव्हती. नवरा बँकेत, आम्ही फ्लॅटमध्ये राहायचो. एका संस्थेला मराठी बोलणारी, शिकलेली बाई हवी होती. बारडोलीला तीन दिवसांचं शिबिर झालं, वाफे आणि खतं यांची माहिती असलेली एक वही मिळाली आणि मी शिक्षिका झाले. ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट.

माझ्यासमोर बसणाऱ्या बायका खानदेशातून आलेल्या. नवरे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला; त्या घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. बहुतेक घरांत जेवण म्हणजे भाकरी आणि मिरची. बायकांना भाजी पिकवायची माहिती नाही म्हणून मुलं अशक्त राहतात, असं संस्थेचं म्हणणं. त्यांच्याकडे हातभर जमीन नव्हती, हे वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं. संस्थेने एका जागामालकाचा पडीक तुकडा वापरायला मागून घेतला होता.

पहिल्या दिवशी मी मेथीचं बी बोटभर खोल टोचायला सांगितलं. पुढे बसलेली एक थोराड बाई हळूच म्हणाली, "बेन, इतलं खोल गयं ते वर येवाव नही." ती लहानपणापासून धुळ्याकडे लोकांच्या शेतात राबलेली. तिने बी वरच्यावर भुरभुरलं, हाताने माती ओढली. त्यानंतर मी वही वाचायची आणि शिकवायची ती. मी तिला मावशी म्हणू लागले. टँकरच्या पाण्याच्या पाळ्या तिने लावल्या, भेंडी कुठे, गवार कुठे ते तिने ठरवलं. दोन महिन्यांत वाफे भरले. आठवड्यातून दोनदा प्रत्येकीच्या घरी भाजी जाऊ लागली. अहवालात मी लिहिलं की प्रशिक्षणाचा उत्तम परिणाम दिसतो आहे. तिचा उल्लेख केला नाही.

मग बाहेरून देणगीदार बघायला येणार असं कळलं. वाफे भरलेले दिसले पाहिजेत, तोवर कोणी काही तोडायचं नाही, असं संस्थेच्या साहेबांनी मला सांगितलं आणि मी ते बायकांना सांगितलं. नेमके त्याच दिवसांत लूमच्या मालकांनी मंदीचं कारण देऊन लूम बंद ठेवले होते. घरोघरी पुरुष बसून होते. पाहुण्यांचं येणं आठवड्याने पुढे गेलं, मग आणखी एका आठवड्याने.

एका सकाळी मी लवकर पोचले, तर मावशी वाफ्यात वाकलेली. पदरात भेंड्या. ती दचकली नाही. घरात दोन दिवस नुसती मीठ-भाकरी चालली आहे, नातीला ताप आहे, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

तिने विचारलं, "बेन, हाई भाजी खावाले लायेल शे का दखाडाले?"

खायला की दाखवायला, ते बाजूला ठेवून मी तिला पदर रिकामा करायला लावला. तोवर बाकीच्या बायका आल्या होत्या, त्यांच्यादेखत. मग हजेरीपटातून तिचं नाव कापलं, कारण साहेबांच्या कानावर गेलं असतं तर मला बोलणी बसली असती.

पाहुणे आले तोवर पालकाला तुरे आले होते, भेंड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. हिरवं दिसत होतं, फोटो निघाले. हे सगळं कोणी शिकवलं, असं एकाने विचारलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडे हात केला आणि मी हसले. गाड्या गेल्यावर मी बायकांना म्हटलं, आता तोडा. कोणी पुढे झालं नाही. एकीने शेळीसाठी थोडा पाला ओढला, बाकीच्या निघून गेल्या. वर्ग परत भरलाच नाही. जागामालकाने तो तुकडा परत घेतला आणि तिथे भाड्याच्या खोल्या बांधल्या.

पुढे एकदा मी मावशीच्या खोलीवर गेले. ती धागे कापत बसली होती. तिने मला पाट दिला, बिनदुधाचा चहा दिला, माझ्या मुलांची चौकशी केली. मी म्हटलं, वरून हुकूम होता. खरं म्हणजे पदर रिकामा करायला मला कोणीही सांगितलं नव्हतं.

"तुमनी नोकरी व्हती, बेन," ती म्हणाली आणि पुढची साडी मांडीवर ओढली. नात कशी आहे, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

नोकरी मी सोडली नाही. पुढची दोन वर्षं कामरेजच्या बाजूला तेच वर्ग घेत होते.