चित्र झाकल्यावर

दर बुधवारी मी अमरावतीहून अकोल्याला, जठारपेठेजवळच्या एका शाळेत जाते. ज्या मुलांना बोलायला किंवा भाषा समजायला अडतं, त्यांच्यासोबत काम करणं हा माझा पेशा. पहिल्याच दिवशी तिसरीच्या बाईंनी विचारलं, "तुमी तं बोबड्या पोरायच्या मॅडम. माह्या वर्गात कोनी बोबडं नाही. मंग वाचनाच्या तासाले काहून बसता?"

"वाचन आधी कानात सुरू होते बाई. तिथं कोन अडते, ते पाहाचं आहे."

"बसा मंग," त्या म्हणाल्या. पटलेलं काही दिसलं नाही.

पुढच्या बाकावरची एक मुलगी वाचायला उठली. आईवडील मळ्यातली भाजी आणून विकायचे. पोरगी बोलायला एकदम चटपटीत. धडा तिनं धडाधड म्हटला. मध्ये टोमॅटोचं चित्र होतं, खाली 'टोमॅटो' छापलेलं. हिनं वाचलं, "टमाटर." वर्ग हसला, तीही हसली. मी जवळ जाऊन चित्रावर हात ठेवला. "आता वाच बरं."

ती अक्षरांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, हात काढा नं."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे पोरगी इतके दिवस पाठ म्हनून राहिली?"

मी त्यांना एक खेळ सांगितला. पुस्तक मिटायचं आणि शब्द कानानं तोडायचे. बटाट्यातला 'ब' काढला तर काय उरतं? दुसऱ्या दिवसापासून बाई तो रोज खेळू लागल्या. 'टाटा' म्हणत अख्खा वर्ग हात हलवायचा. त्या मुलीला मात्र जमेना. 'ब' काढा म्हटलं की तिला आवाज नाही, भाजीच आठवायची; बटाटा बाजूला ठेवून ती सरळ म्हणायची, "वांगं." आम्ही टाळ्या वाजवून शब्दांचे तुकडे केले, मग एकेका तुकड्यासाठी अक्षरांचे पुठ्ठे मांडले. हळूहळू तिचा कान उघडत गेला.

पावसाळा सरला तेव्हा बाईंनी तिला बिनचित्रांचं, कधी न पाहिलेलं पान दिलं. तिनं बोट ठेवलं. "मुं... गू... स." पुन्हा एकदा जोडून पाहिलं. "मुंगूस होय हे. आमच्या मळ्यात येते."

बाई खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या. "कुठून येते?"

मग कुंपण, बीळ, पळून गेलेला साप, सगळं आलं. पान अर्धंच राहिलं. घंटा झाल्यावर बाई मला म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी या तासाले दुसरीच्या बाईलेबी बसवू."